सोनं मोडलं कुणी? शिकागो बेअर्स आणि त्यांच्या किकरचं प्रकरण

शिकागोतल्या कुठल्याही बेअर्सवाल्यासमोर, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या चाहत्यासमोर, नुसतं "किकर" म्हणा, पुढचा अर्धा तास तुमचा गेला. "गोल्डला काढायला नको होतं" इथून सुरू होतं आणि नंतर आलेल्या पार्कीच्या त्या किकवर येऊन अडतं, मध्ये कुणी पगाराचा विषय काढतो, कुणी सोल्जर फील्ड या घरच्या स्टेडियमच्या वाऱ्याचा, आणि चहा गार होतो. आम्ही चार-पाच मराठी टाळकी एकाच बेसमेंटमध्ये बसून हा वाद इतकी वर्षं घालतोय की शेवटी मी ठरवलं, एकदा सगळं तारखेवार लिहून काढू, कारण निम्मे लोक आता आठवणीतून बोलतात आणि आठवणीत आमचा जुना किकर रॉबी गोल्ड कधी चुकतच नाही.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टीममध्ये ५३ जण, त्यात किकर बहुतेक एकच. टचडाऊन, म्हणजे बॉल मैदानाच्या पार टोकाला नेणं, होत नाहीये असं दिसलं की याला बोलावतात, आडव्या दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून बॉल गेला की फील्ड गोल, ३ पॉइंट. दांडी १० फुटांवर, खांबांमध्ये साडेअठरा फुटांची फट. एक जण पायांतून बॉल मागे फेकतो तो स्नॅपर, दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो आणि उभा धरतो तो होल्डर, मग किकरची लाथ, आणि हे सगळं साधारण सव्वा सेकंदात उरकायचं कारण समोरून दीड-दीडशे किलोचे बाप्ये अंगावर येत असतात. माझी आई इकडे आली होती तेव्हा एक मॅच बघून म्हणाली, "अरे हा बाकी वेळ नुसता बसूनच असतो की, आणि याला पगार?" तिला काय सांगणार. अख्ख्या शहराचं हेच म्हणणं असतं, फक्त तो चुकला की.

तर रॉबी गोल्ड. आडनावाचा उच्चार सोन्यासारखाच, त्यामुळे इथल्या लोकांनी त्यावर करता येतील तेवढे विनोद करून घेतलेत. पेन स्टेटचा पोरगा, ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या खेळाडूंच्या निवडीत) कुणी घेतला नाही, पेट्रियट्स आणि रेव्हन्स दोघांनी काढून टाकला, २००५ मध्ये बेअर्सचा फोन आला तेव्हा तो बांधकामावर काम करत होता. पुढच्याच वर्षी ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांत. जानेवारी २००७ मध्ये सीहॉक्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये ४९ यार्डांवरून त्याने मारलेल्या किकवर टीम पुढे गेली आणि मग सुपर बोलपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत, पोचली (तिथे कोल्ट्सनी धुतलं, तो विषय नको). बेअर्सकडून ११ सीझन, ३२३ पैकी २७६ फील्ड गोल म्हणजे साधारण ८५ टक्के, आणि १२०७ पॉइंट, टीमच्या इतिहासात सगळ्यात जास्त. आणि हे सगळं सोल्जर फील्डवर, जिथे मिशिगन लेकवरून येणारा वारा स्टेडियमच्या आत शिरून कुठे वळेल याचा भरवसा नाही.

२०१५ च्या डिसेंबरात मात्र गाडी घसरली. ६ डिसेंबरला, म्हणजे त्याच्या तेहतिसाव्या वाढदिवशीच, फोर्टीनाइनर्सविरुद्ध २०-२० असताना शेवटच्या क्षणी ३६ यार्डांची किक चुकली, सोपी म्हणावी अशी, आणि ओव्हरटाइममध्ये मॅच गेली. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनविरुद्ध ५० यार्डांची चुकली, तीही मॅच तीन पॉइंटनी गेली. तरी सीझनचा हिशोब ३९ पैकी ३३, म्हणजे नेहमीचेच ८५ टक्के. त्याच वर्षी एनएफएलने, म्हणजे लीगने, एक्स्ट्रा पॉइंटची (टचडाऊननंतरच्या एका जादा पॉइंटची) किकसुद्धा लांब नेली होती, ३३ यार्डांवर, त्यामुळे जे आधी डोळे मिटून व्हायचं तेही आता मोजलं जाऊ लागलं. २०१६ च्या शेवटच्या प्रीसीझन (सीझनआधीच्या सरावाच्या) मॅचमध्ये त्याच्या दोन एक्स्ट्रा पॉइंट चुकल्या. आणि ४ सप्टेंबर २०१६ ला, सीझन सुरू व्हायला एक आठवडा असताना, जीएम (टीमचा जनरल मॅनेजर) रायन पेसने त्याला नारळ दिला. वाचले जवळपास ३० लाख डॉलर. जागेवर आला कॉनर बार्थ.

त्या संध्याकाळी आमच्यात सरळ दोन तट पडले. मी आणि अजून एक जण काढण्याच्या बाजूने होतो, आता सांगायला लाज वाटते पण होतो. आमचं म्हणणं साधं होतं, टीम ६-१० (६ विजय, १० पराभव) वरून आलीये, नव्याने बांधायचीये, तेहतीस वर्षांच्या किकरवर तीस लाख घालून करायचंय काय, आणि समोरच्यांना अडवणारी लाइनच गळकी असताना किकर भारी हवा म्हणजे घर गळतंय आणि आपण दारावरची पाटी पॉलिश करतोय. दुसऱ्या बाजूला काका. काका इथे ऐंशीच्या दशकात आले, ८५ ची चॅम्पियन टीम त्यांनी बघितलीये, आणि ते ती कुणाला विसरूही देत नाहीत. ते फक्त एवढंच म्हणाले, "बटलरलाही असंच काढलं होतं रे."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं पण नंतर बघितलं तर काकांची गोष्ट अगदी तंतोतंत होती. केव्हिन बटलर, ८५ च्या टीमचा किकर, ११ सीझन खेळला, तेव्हा टीमचा सगळ्यात जास्त पॉइंटवाला खेळाडू तोच, आणि १९९६ च्या सीझनआधी त्याला सोडून कार्लोस हुएर्टाला ठेवलं. हुएर्टा थोड्याच मॅचेसमध्ये गेला आणि जेफ जेगर आणावा लागला. वीस वर्षांनी तेच, तेवढ्याच सीझननंतर, तसाच सप्टेंबरच्या तोंडावर. ऑफिसात कुणी जुनी फाइल काढून बघितली असती तरी चाललं असतं.

बार्थचं पुढे काय झालं ते पटकन सांगतो कारण त्यात फार काही नाही. २०१६ मध्ये २३ पैकी १८, टीम ३-१३, ती कुठल्याच किकरने वाचली नसती. २०१७ मध्ये १६ पैकी ११. १९ नोव्हेंबरला लायन्सविरुद्ध बरोबरी करायची ४६ यार्डांची किक इतकी बाहेर गेली की दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवला. मग कायरो सँटोस आला, त्याला दुखापत झाली, मग माइक न्यूजंट. सँटोसचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि तेवढ्यात ३ डिसेंबर २०१७. गोल्ड फोर्टीनाइनर्सकडून सोल्जर फील्डवर आला. आला आणि पाच फील्ड गोल मारून गेला. मॅच १५-१४, म्हणजे त्यांचे सगळेच्या सगळे पॉइंट गोल्डचे, शेवटची किक ४ सेकंद बाकी असताना २४ यार्डांवरून. मी टीव्हीसमोर होतो, काका शेजारी. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं. त्या सीझनला त्याने ४१ पैकी ३९ मारल्या, त्याआधी जायंट्सकडे १० पैकी १०, २०१८ मध्ये ३४ पैकी ३३. इकडे आमच्याकडे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मग मार्च २०१८ मध्ये पेसने हात सैल सोडला. कोडी पार्की, चार वर्षं, दीड कोटी डॉलर, त्यातले नव्वद लाख गॅरंटीड. आदल्या वर्षी त्याने मायामीकडून २३ पैकी २१ मारल्या होत्या, फ्लोरिडाच्या हवेत. तीस लाख वाचवायला जो निर्णय घेतला तो निस्तरायला नव्वद लाख बांधून दिले. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महागडा आकडा हाच, आणि तो फक्त पैशातच महाग नाही पडला, का ते पुढे येतं.

२०१८ ची टीम पोरं अजून आठवतात. मॅट नॅगी नवा कोच, डिफेन्स म्हणजे भिंत, १२-४. पण किकरची कुरकुर सुरूच होती. मायामीत ओव्हरटाइममध्ये पार्कीची ५३ यार्डांची चुकली आणि मॅच गेली, अर्थात तिथे नॅगीने आधी जरा पुढे सरकायचा प्रयत्न केला असता तर ५३ वरून मारायची वेळच आली नसती. मग ११ नोव्हेंबर, लायन्स. एकाच मॅचमध्ये चार वेळा बॉल खांबावर. दोन फील्ड गोल, दोन एक्स्ट्रा पॉइंट. एखादा मुद्दाम नेम धरून मारायला बसला तरी चार वेळा लागणार नाही. मॅच जिंकली, ३४-२२, म्हणून सगळे हसले. पार्कीने त्यानंतर सरावाला सोल्जर फील्डवर जायला सुरुवात केली, कारण एरवी सराव लेक फॉरेस्टला होतो, आणि शहरातल्या न्यूजवाल्यांनी एका माणसाचा लाथा मारायचा सराव दाखवायला वर हेलिकॉप्टर पाठवलं. शपथ, हेलिकॉप्टर.

६ जानेवारी २०१९, रविवार, ईगल्सविरुद्ध प्लेऑफ, म्हणजे हरलं की बाहेर. बेसमेंटमध्ये आम्ही अकरा जण, वहिनींनी मोठ्या पातेल्यात मिसळ केली होती, फरसाण संपत आलेलं. एक मिनिटापेक्षा कमी वेळ असताना निक फोल्सने गोल्डन टेटला टचडाऊन दिला, १६-१५ ईगल्स. मग बेअर्सनी बॉल पुढे नेला, नेला, आणि १० सेकंद बाकी असताना ४३ यार्डांवर आणून ठेवला. पार्की त्या दिवशी आधीच तीन मारून बसला होता, आपल्या १५ पैकी ९ त्याचे, हे कुणाला आठवत नाही. स्नॅप झाला, किक झाली, बॉल सरळ मधून गेला, आम्ही उठलो, आणि कळलं की समोरच्या कोचने किकच्या आधी टाइमआउट घेतलाय. धरत नाहीत. पुन्हा.

दुसरी किक निघाली तेव्हाच तिच्यात काहीतरी जीव नाही असं वाटलं. डावीकडे ओढली गेली, डाव्या खांबावर टण्ण झाली, खाली आडव्या दांडीवर आपटली, तिथे क्षणभर काय करावं असा विचार केल्यासारखी टेकली आणि आत पडायच्या ऐवजी बाहेर, मैदानाच्या बाजूला. कॉमेंट्रीतल्या कॉलिन्सवर्थने "डबल डॉइंक" म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आमच्याकडे कुणी ओरडलंही नाही. एकाच्या हातात पावाचा तुकडा होता तो तसाच राहिला. रिप्लेत दिसलं की ईगल्सच्या ट्रेव्हॉन हेस्टरची बोटं बॉलला लागली होती आणि लीगने नंतर ती किक अधिकृतपणे ब्लॉक म्हणून नोंदवली. आडनाव बघा, हेस्टर. याच बेअर्सच्या डेव्हिन हेस्टरने त्या सुपर बोलची पहिलीच किक परत टचडाऊनपर्यंत नेली होती. नशीब कधी कधी फारच ओढूनताणून विनोद करतं.

पुढच्या आठवड्यात गूज आयलंड ब्रुअरीने लोकांना आव्हान दिलं, या आणि ४३ यार्डांवरून मारून दाखवा. बर्फात शंभराहून जास्त लोकांनी प्रयत्न केला, एकाचीही गेली नाही. काही जण बर्फावर पाय सरकून धाडकन उताणेच पडले. माझ्या मते त्या शंभरातल्या निम्म्यांनी आदल्या रविवारी टीव्हीसमोर "हे तर मीपण मारलं असतं" म्हटलं असणार.

पार्की मग टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमात गेला, कोचला ते आवडलं नाही, मार्चमध्ये त्याला काढला. आणि सगळीकडे एकच वाक्य, गोल्ड असता तर.

इथे आमच्या वहिनी मध्ये पडल्या. त्या इन्शुरन्समध्ये आकडेमोडीचं काम करतात आणि फुटबॉल फक्त आमच्या आरडाओरड्यामुळे बघतात, पण हिशोब चुकीचा झालेला त्यांना सहन होत नाही. त्या म्हणाल्या, बार्थची दोन वर्षं आणि पार्कीचं एक असं एकत्र धरा, ६९ पैकी ५२, म्हणजे ७५ टक्के. गोल्डचे बेअर्समधले ८५ टक्के लावले तर ५९ होतात. तीन सीझनमध्ये सात किक. सात, बाकी काही नाही. "आता तुम्ही म्हणाल त्याने बाहेर ८५ पैकी ८२ मारल्या," त्या म्हणाल्या, "पण भाऊजी, तो गोल्ड तुमच्याकडे नव्हताच कधी. अकरा वर्षांत ज्याने ८५ दिले तो इथे राहून ९६ देणार हे कशावरून?" आणि बोटं लागलेली किक त्याच्या पायातून निघाली असती तर लागली नसती हे कुणी सिद्ध करायचं?

काकांकडे त्यालाही उत्तर होतं. ते म्हणाले टक्का सगळ्या किकचा असतो गं, पण शेवटच्या दहा सेकंदांची किक वेगळी, आणि गोल्डने प्लेऑफमध्ये एकही चुकवलेली नाही. हे खरंय, तेव्हाही खरं होतं आणि निवृत्त होईपर्यंत खरं राहिलं, प्लेऑफमध्ये २९ पैकी २९. वहिनी म्हणाल्या २९ हा आकडा लहान आहे. काका म्हणाले तुझ्यासाठी. मी त्या रात्री मिसळीचं पातेलं घासत होतो कारण वाद घालायची ताकद नव्हती.

पण गंमत २०१९ ची. गोल्डचं कुटुंब शिकागोतच होतं, त्याचा करार संपला होता, सगळ्यांना वाटलं आता येतोय घरी. फोर्टीनाइनर्सनी त्याला टॅग लावून (करार संपला तरी एक वर्ष राखून ठेवायचा टीमचा हक्क) अडवला, त्याने ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमकडे बदली, मागितला, त्यांनी दिला नाही, शेवटी जुलैत तिथेच सही केली. बेअर्सने मे महिन्यात आठ किकर एकदम आणून उभे केले आणि नॅगीने सगळ्यांसमोर त्यांना त्याच ४३ यार्डांवरून मारायला लावलं, दोघांचीच गेली. शेवटी एडी पिनेरो ठेवला. आणि त्या सीझनला काय झालं? पिनेरो २८ पैकी २३. गोल्ड ३१ पैकी २३. म्हणजे ज्या वर्षी अख्खं शहर त्याच्या नावाने गळा काढत होतं त्याच वर्षी तो ७४ टक्क्यांवर होता, पार्कीपेक्षाही खाली. हे मी आमच्याकडे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना, फोन काढून दाखवावं लागलं.

म्हणून माझं मत असं झालंय की आपण चुकीच्या किकरवरून भांडतोय. २०१६ ला गोल्डला काढणं हे वाईट होतं पण वेडेपणाचं नव्हतं. त्याच्या भरवशाचा स्नॅपर पॅट्रिक मॅनेली २०१३ नंतर थांबला होता, २०१४ मध्ये गोल्डच्या १२ पैकी ९ होत्या आणि त्यात दुखापत. शंका घ्यायला जागा होती. जागा नव्हती ती अशा घाईला, की त्याला काढला तेव्हा हातात दुसरा तयार माणूस नाही, बाजारातून मिळेल तो उचलला. खरा प्रश्न नोव्हेंबर २०१८ चा आहे. चार वेळा खांबावर आपटल्यावर, प्लेऑफला जाणार हे दिसत असताना, पार्कीला ठेवायचा का? निदान समोर दुसरा उभा करून दोघांना मारायला लावायचं का? ते झालं नाही, कारण नव्वद लाख गॅरंटीड दिले होते आणि एवढे पैसे दिलेल्या माणसावर विश्वास दाखवणं टीमला भागच होतं. सोनं मोडल्याचं दुःख मी समजू शकतो, पण त्या पैशात आणलेला दागिना खोटा निघतोय हे दिसत असताना तो गळ्यात घालून लग्नाला कशाला जायचं?

वहिनींना हेही पटलेलं नाही हे इथे नमूद करतो. पुढच्याच आठवड्यात व्हायकिंग्जविरुद्ध पार्कीने तीनपैकी तीन मारल्या होत्या, त्यातली एक ४८ यार्डांची, मग काढणार कशाच्या जोरावर, असं त्या म्हणतात. बरोबर आहे. माझ्याकडे याला नीट उत्तर नाही, एवढंच म्हणतो की स्पर्धा लावायला काढावं लागत नाही.

आणि उत्तर मिळालं ते भलतीकडून. २०२० मध्ये पिनेरोला दुखापत झाली आणि तोच कायरो सँटोस परत आला, मूळचा ब्राझीलचा, ज्याला २०१७ मध्ये आम्ही नावाने ओळखायच्या आत तो जखमी होऊन गेला होता. त्याने ३२ पैकी ३० मारल्या आणि ओळीने २७ मारून टीमचा रेकॉर्ड मोडला. कुणाचा रेकॉर्ड? गोल्डचा, २६ चा. कुणी त्याच्यासाठी दीड कोटी दिले नव्हते, कुणी त्याच्यावर हेलिकॉप्टर फिरवलं नव्हतं.

२२ जानेवारी २०२२ ला मात्र सगळा हिशोब बाजूला राहिला. ग्रीन बे, लॅम्बो फील्ड, बर्फ पडतोय, बेअर्सच्या जुन्या वैऱ्यांविरुद्ध, म्हणजे पॅकर्सविरुद्ध, १०-१०, शेवटची किक, ४५ यार्ड, आणि मारणारा फोर्टीनाइनर्सचा गोल्ड. बेअर्स मैदानात नव्हतेच, आपला काही संबंध नाही, तरी बेसमेंटमध्ये सगळे उभे. गेली. सरळ मधून. काका असे नाचले की वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं काय झालं. वहिनींनी फोनवर बघून सांगितलं की त्या सीझनचा गोल्डचा टक्का ८७ आणि सँटोसचाही जवळपास तेवढाच, मग फरक काय पडला. काका म्हणाले, "फरक एवढाच की पॅकर्स घरी गेले," आणि त्यांच्यासाठी तो वाद तिथेच मिटला, माझ्यासाठी नाही, मी गाडीत बसल्यावरही नोव्हेंबर २०१८ वरच होतो.